‘ज्युलियन’ तारीख कोणाची?

शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन, म्हणजे रोमच्या ज्युलियस सीझरने लागू केलेल्या जुन्या कालगणनेतली आहे. तळटिपेतला हा शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो. त्याच्या मुळाशी रोममधलं एक कुळनाव आहे.

ज्युलियस हे सीझरचं कुळनाव. हे कूळ आपला वंश थेट व्हीनस देवीला नेऊन भिडवायचं. लॅटिनमध्ये असं कुळनाव विशेषण म्हणूनच चालतं आणि नामाप्रमाणे लिंग बदलतं. सीझरचा कायदा ‘लेक्स यूलिया’, तर त्याच्या नावाचा महिना ‘यूलियस’, म्हणजे आपला जुलै. ‘यूलियानस’ हे त्यावर प्रत्यय लावून केलेलं दुसरं विशेषण. त्यातून ‘ज्युलियन’ आलं आणि घोळही तिथूनच सुरू झाला, कारण हेच रूप माणसाचं नाव म्हणूनही चालायचं. इ.स. ३६१ ते ३६३ राज्य करणाऱ्या सम्राट ज्युलियनचा या कालगणनेशी काहीही संबंध नाही.

सीझरची गणना इ.स.पूर्व ४५ पासून लागू झाली. वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचं धरल्याने दरसाल सुमारे अकरा मिनिटं जास्त मोजली जात होती. ती साचत गेली, म्हणून १५८२ मध्ये सुधारित ग्रेगोरियन गणना, म्हणजे आज आपण वापरतो ती, आली आणि तिच्यात ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगालने ही सुधारणा लगेच स्वीकारली, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही.

शिवकाळाचा अभ्यास करताना अडतं ते इथेच. रायगडावर राज्याभिषेक झाला तो दिवस मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत ६ जून, तर गोव्याच्या पोर्तुगीजांच्या हिशेबाने १६ जून. दिवस एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. १९ फेब्रुवारी १६३० या शिवजन्माच्या तारखेबाबत तर आणखी एक पेच आहे. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे तो दिवस त्यांच्या जुन्या लेखनात १६२९ मध्ये पडतो.

या तारखा आता नव्या गणनेत बदलाव्यात, असा आग्रह अधूनमधून धरला जातो. मला तो पटत नाही. मूळ इंग्रजी पत्रांवरच्या तारखा जुन्याच राहणार आणि छापील चरित्रातली तारीख पत्राशी जुळेनाशी होईल. त्यापेक्षा तारखेपुढे ‘जुनी गणना’ एवढं लिहावं आणि शेजारी तिथी द्यावी. पोर्तुगीज कागद समोर असेल तेव्हा मात्र दहा दिवस मिळवायलाच हवेत: शिवरायांच्या निधनाचा ३ एप्रिल १६८० तिथे १३ एप्रिल म्हणून शोधावा लागतो.