आ-मा मंदिर, मकाव

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मकाव द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य टोकाला, बार्रा टेकडीच्या उतारावरचे सागरदेवता मात्सूचे मंदिर. परंपरेने त्याचे साल १४८८ सांगतात. पोर्तुगीज इथे स्थिरावले १५५७ च्या सुमारास, म्हणजे देवी त्यांच्या आधीची. एकेकाळी दारापर्यंत येणारे पाणी भरावामुळे मागे हटले असून आता पुढ्यात फरसबंद चौक आहे.

मात्सू ही मूळची चीनच्या फूच्यान प्रांताच्या किनाऱ्याजवळच्या मेचौ बेटावरची लिन मो नावाची मुलगी. तिचा जन्म ९६० सालचा मानतात. वादळात सापडलेल्या घरच्या माणसांना तिने दैवी शक्तीने वाचवल्याच्या कथा आहेत. ती ऐन तारुण्यात गेली आणि पुढे खलाशी तिला भजू लागले. दूरवरचे पाहणारा एक आणि वाऱ्यावरचे ऐकणारा दुसरा, असे दोन राक्षस तिचे सेवक. दर्यावर्दी माणसाला आणखी काय हवे!

मंदिर एकसंध नाही. कातळांमधून पायऱ्या चढत जावे तशी लहान लहान दालने लागतात. सर्वांत वर करुणेची देवता क्वानयिन. बौद्ध, ताओ आणि लोकदैवते एकाच आवारात नांदतात, भाविकांना त्यात वावगे वाटत नाही. खाली दाराजवळच्या शिळेवर शिडाचे जहाज कोरून रंगवलेले आहे. घाईत ते हमखास नजरेतून सुटते. छताला उदबत्तीची मोठाली वेटोळी टांगलेली असतात. ती तासन्‌तास धुमसतात आणि राख खाली गळते, तेव्हा त्यांच्या बरोबर खाली उभे राहू नये.

मात्सूच्या देवळांत कौलही लावतात. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. प्रश्न मनात धरून ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली की होकार. कोकण-गोव्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

चिनी पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी देवीचा जन्मोत्सव असतो. नववर्षालाही रीघ लागते. प्रवेश विनामूल्य आहे.

मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता. मंदिरापासून थोडे वर चालत गेले की मूरिश बराक लागते. १८७४ मध्ये ती बांधली गेली ती पोलीस दलाच्या मदतीला गोव्याहून आणलेल्या हिंदी पलटणीसाठी. मंदिर आणि बराक या दोन्ही वास्तू २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.