अंतराळयानाची कंपन चाचणी

उपग्रह किंवा अंतराळयान रॉकेटवर चढवण्यापूर्वी त्याचा सांगाडा, जोड आणि आतली उपकरणे उड्डाणातले हादरे सोसतील की नाही, हे जमिनीवर प्रत्यक्ष हलवून तपासण्याची पद्धत. कक्षेत यानाला वर्षानुवर्षे वजनच जाणवत नाही. त्याचा सांगाडा किती भक्कम हवा, हे मुख्यतः उड्डाणाची पहिली काही मिनिटे ठरवतात.

हे हादरे एका जातीचे नसतात. इंजिने पेटताच उठणारा आवाज उड्डाणतळावर आपटून परत यानावर येतो. रॉकेट ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचले की हवेचा मारा वाढतो. टप्पे सुटताना स्फोटक बोल्टांचा क्षणिक पण अतितीव्र धक्का बसतो. म्हणून चाचण्याही निरनिराळ्या असतात. साइन चाचणीत एका वेळी एकच वारंवारता देत ती हळूहळू बदलत नेतात; ती साधारण ५ ते १०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५ ते १०० कंपनांच्या) पट्ट्यात होते. रँडम चाचणीत अनेक वारंवारता एकाच वेळी अनियमितपणे देतात; ती २० ते २,००० हर्ट्झपर्यंत जाते. सौर पॅनेल आणि अँटेना यांसारखे रुंद व हलके भाग आवाजानेच जास्त थरथरतात, त्यामुळे त्यांची खरी कसोटी ध्वनिक कक्षात लागते. तिथे वायूच्या झोतावर चालणारे भोंगे १४० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून मोठा आवाज निर्माण करतात. चांद्रयान-३ च्या कंपन व ध्वनिक चाचण्या मार्च २०२३ मध्ये बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात झाल्या.

कंपन चाचणीसाठी यान शेकरवर, म्हणजे हादरे देणाऱ्या यंत्रावर, बोल्टने घट्ट बसवतात, अंगभर प्रवेगमापी (हादऱ्यांचा प्रवेग मोजणारी उपकरणे) चिकटवतात आणि तिन्ही दिशांना आळीपाळीने हलवतात. आधी अगदी हलक्या हादऱ्यांनी सर्व वारंवारता धुंडाळून यान कुठे अनुस्पंदित होते, म्हणजे कोणत्या वारंवारतेला सर्वात जास्त थरथरते, याचा आलेख काढतात. मग पूर्ण तीव्रतेची चाचणी होते आणि त्यानंतर पुन्हा तोच हलका फेरा. या पद्धतीतले शहाणपण इथे आहे: दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहायचे. आलेखातले शिखर खालच्या वारंवारतेकडे सरकले असेल तर एखादा जोड ढिला झाला किंवा कुठेतरी तडा गेला, असा संशय घेतात. बाहेरून यान जसेच्या तसे दिसत असले तरीही.

जास्त हलवले म्हणजे जास्त चांगली चाचणी, असे मात्र नाही. खऱ्या उड्डाणात यान अनुस्पंदनाला पोहोचले की त्याच्या प्रतिक्रियेने खालचे रॉकेटही थोडे दबते. शेकर तसा दबत नाही, तो ठरलेली हालचाल रेटत राहतो, आणि धडधाकट यान चाचणीतच मोडू शकते. म्हणून नेमक्या त्या वारंवारतेला जोर मुद्दाम कमी करतात. याला नॉचिंग म्हणतात. किती कमी करायचा हे यान आणि रॉकेट यांच्या एकत्रित गणितावरून, रॉकेट पुरवणाऱ्या संस्थेच्या संमतीने ठरते.

३ डिसेंबर २०१६ रोजी नासाच्या गोडार्ड केंद्रात जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या कंपन चाचणीत प्रवेगमापींनी अनपेक्षित नोंदी दाखवल्या. काम थांबले. आरशाचा एक पंख उड्डाणासाठी दुमडून धरणाऱ्या यंत्रणांची अतिशय सूक्ष्म हालचाल हे कारण निघाले आणि जानेवारी २०१७ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. डोळ्यांना न दिसणारी हालचाल पकडली गेली, हे चाचणीचे यशच म्हणायला हवे.

गुरूकडे पाठवलेल्या नासाच्या गॅलिलिओ यानाची गोष्ट वेगळी. १९८६ मधल्या चॅलेंजर स्पेस शटलच्या दुर्घटनेमुळे उड्डाण लांबले आणि यान कॅलिफोर्निया व फ्लोरिडा यांच्या दरम्यान ट्रकमधून पुन्हा पुन्हा नेले गेले. १९८९ मध्ये ते निघाले, पण एप्रिल १९९१ मध्ये छत्रीसारखा मुख्य अँटेना पूर्ण उघडला नाही. रस्त्यावरच्या कंपनांनी काड्यांच्या खिळ्यांवरचे कोरडे वंगण घासून गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. गुरूभोवतीची मोहीम लहान अँटेनावर, अत्यंत मंद गतीने माहिती पाठवत पार पाडावी लागली. म्हणूनच वाहतुकीतले धक्केही सांगाड्याच्या आराखड्यात धरतात, आणि यानाच्या पेटीत धक्के नोंदवणारी उपकरणे ठेवतात.