'एम्बेडेड' सबटायटल म्हणजे नेमकं कोणतं? : पार्श्वभूमी

"सबटायटल एम्बेड करून द्या" असा निरोप आला की मुरलेला एडिटर आधी उलट विचारतो, बर्न करू की ट्रॅक टाकू? कारण या एका शब्दाखाली दोन निरनिराळी कामं खपतात. बर्न केलेली अक्षरं चित्राचाच भाग होतात, ती पुन्हा निघत नाहीत. ट्रॅक टाकला तर मजकूर व्हिडिओच्याच फाइलीत, पण आवाजाच्या ट्रॅकशेजारी वेगळा बसतो. हवा तर लावा, नको तर बंद करा. तिसरी पद्धत सुट्या फाइलीची. तिच्या नावाबद्दल तरी कुणाचं दुमत नाही.

फिल्मच्या काळात हा प्रश्नच नव्हता. प्रिंटवर मेणाचा थर द्यायचा, तापवलेले ठसे दाबायचे आणि उघडं पडलेलं इमल्शन (फिल्मवरचा चित्र धरणारा लेप) रसायनात विरघळवायचं. राहायची ती आरपार पांढरी अक्षरं. पात्राने पांढरा सदरा घातला असेल तर अर्धा संवाद सदऱ्यात गडप. पुढे व्हीसीडीवरही अक्षरं चित्रातच असायची.

घोळ सुरू झाला तो डीव्हीडीपासून. तिच्यात सबटायटलचे 32 ट्रॅक मावत आणि रिमोटवरून बंदही करता येत. मात्र आत मजकूर नव्हता, अक्षरांची चित्रं होती. म्हणजे डिस्कच्या आत, तरी चित्रापासून सुटी! ही चित्रं ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या तंत्राने, वाचून मजकूर काढणारा 'सबरिप' हा प्रोग्राम आला आणि त्याच्यामुळे एसआरटी ही सबटायटलची साधी मजकूर-फाइल रुळली. आधी क्रमांक, मग '00:01:12,400 --> 00:01:15,000' अशी वेळेची ओळ, खाली संवाद. नोटपॅडमध्ये उघडा, चूक दुरुस्त करा, सेव्ह करा. सुट्या फाइलीची खरी ताकद हीच. दुखणंही तिथलंच: सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली फाइल 23.976 च्या प्रतीला लावली, तर दोन तासांच्या सिनेमात शेवटाकडे संवाद जवळपास पाच मिनिटं आधी येतात. खून व्हायच्या आत खुनी कबुली देऊन मोकळा.

2002 च्या अखेरीस मात्रोस्का (एमकेव्ही) हा चित्र, आवाज आणि सबटायटल एकत्र ठेवणारा फाइल-प्रकार आला आणि मजकूर फाइलीत भरणं सोपं झालं. मराठीची रड वेगळीच होती. फाइल सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडऐवजी एएनएसआय या जुन्या, देवनागरी नसलेल्या संकेतात सेव्ह झाली की पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. ती ठीक असली तरी अनेक प्लेअरना देवनागरी जोडता येत नसे; 'किती'तली पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसे. त्यामुळे आपल्याकडे बर्न करण्याची सवय लागली. आज ते कारण बरंचसं संपलं आहे, सवय राहिली. अर्थात फोनवर आवाज बंद ठेवून पाहणारे आणि व्हॉट्सअॅपवरून फिरणारी क्लिप यांच्यासाठी बर्नच खात्रीचं, हेही मान्य करायला हवं.

मार्च 2024 मध्ये थिएटरांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि 'ओपन' (सगळ्यांना कायम दिसणारं) व 'क्लोज्ड' (हवं तेव्हाच लावता येणारं) कॅप्शन ही आणखी एक जोडी एडिटच्या टेबलावर आली. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी यांतलं एक तरी द्यायचं. गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या (इफ्फी) भारतीय विभागासाठी आणि राष्ट्रीय पुरस्कारांसाठी मात्र 1 जानेवारी 2025 पासून क्लोज्ड कॅप्शन सक्तीचं ठरलं. बर्न केलेल्या प्रतीतून ते निघत नाही. मग अक्षरांविना कोरा मास्टर, म्हणजे सिनेमाची मूळ प्रत, कुणाच्या हार्ड डिस्कवर आहे, याची शोधाशोध सुरू होते.