स्तनपान: आईचा फायदा उशिरा का कळला

अंगावरचं दूध बाळाला मानवतं, हे आकडे मांडून सिद्ध करण्याची वेळ वरच्या दुधाचे डबे बाजारात आल्यावर आली. 1860 च्या दशकात यूस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आईच्या दुधाला पर्याय म्हणून बाळांचं तयार अन्न काढलं. पाठोपाठ हेन्री नेस्ले यांचं आलं.

ब्रिटिश डॉक्टर जॅनेट लेन-क्लेपन यांनी 1912 मध्ये बर्लिनमधल्या बाळांच्या वजनाच्या नोंदी तपासल्या. 300 बाळं अंगावर पिणारी, 204 गाईच्या उकळलेल्या दुधावरची. अंगावरची बाळं वजनात पुढे निघाली. हा फरक घरच्या गरिबीमुळे तर नाही ना, म्हणून त्यांनी वडिलांची मिळकतही ताडून पाहिली. त्या काळात इतका काटेकोरपणा दुर्मीळ होता.

मला त्यांचं पुढचं काम अधिक मोलाचं वाटतं. 1926 मध्ये त्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या 500 आणि न झालेल्या 500 स्त्रियांची तुलना केली. कर्करोग झालेल्यांची लग्नं उशिरा झालेली, मुलं कमी आणि अंगावर पाजणंही कमी झालेलं. म्हणजे आईच्या फायद्याचा धागा तेव्हाच हाती आला होता. पण 1929 मध्ये लेन-क्लेपन यांचं लग्न झालं आणि विवाहित स्त्रियांना नोकरीबाहेर ठेवणाऱ्या तेव्हाच्या नियमाने त्यांचं संशोधन संपलं.

पुढची चर्चा बाळाभोवतीच राहिली, आणि त्याला कारणही होतं: वरच्या दुधावरची बाळं जुलाबाने दगावत होती. 1939 मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापूरमध्ये या दुधाच्या प्रचारावर कडाडून टीका केली. 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्याच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. दरम्यान दुधातल्या प्रतिपिंडांचं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचं, कोडं उलगडलं. आईच्या आतड्याला ज्या जंतूंची ओळख होते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी स्तनापर्यंत पोहोचतात. त्यामुळे बाळाला नेमकं त्याच्या आसपासच्या जंतूंपासून संरक्षण मिळतं. कुठल्याही डब्यात हे भरता येत नाही.

आईच्या बाजूचा भक्कम पुरावा 2002 मध्ये आला. 30 देशांतल्या 47 अभ्यासांची माहिती एकत्र केल्यावर दिसलं की, स्तनपानाच्या दर 12 महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी घटतो. बाळंतपणामुळे मिळणारं संरक्षण वेगळं काढूनही हा आकडा कायम राहिला.