राइखेनाऊ : तळ्यातलं भाजीचं बेट

राइखेनाऊ ही जर्मनीच्या पार दक्षिण टोकाला, स्वित्झर्लंडच्या बॉर्डरला खेटून असलेली एक छोटी गेमाइंड. गेमाइंड म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखं, तळातलं स्थानिक सरकार. राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग, जिल्हा कोन्स्टान्झ, लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास, आणि त्यातली बरीचशी माणसं एका बेटावर राहतात. उच्चाराचं सांगायचं तर मधला ‘ख’ घशातून येत नाही, टाळूजवळून निघतो, म्हणून काहीजण राइशेनाऊ असंही लिहितात, इथे आपण राइखेनाऊच ठेवू. नावाचा अर्थ समृद्ध कुरण, पाण्याकाठची सुपीक जमीन. लॅटिनमध्ये मठवाले ‘आउगिया डिव्हेस’ म्हणायचे, अर्थ तोच. युनेस्कोने २००० साली हे बेट जागतिक वारसा यादीत घेतलं ते जुन्या मठासाठी आणि चर्चेससाठी, पण तिथे गेलं की आधी दिसतात काचेची हरितगृहं, सॅलडचे वाफे आणि टोमॅटोचे क्रेट. हे दोन वेगळे विषय वाटतात, पण जमीन तीच आणि धंदाही बराचसा तोच.

कुठे आहे, कसं आहे

बोडनसे (इंग्रजी नकाशात लेक कॉन्स्टन्स) हे जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया अशा तीन देशांत वाटलेलं मोठं तळं, सुमारे ५३६ चौरस किलोमीटरचं. हिमयुगात ऱ्हाइनच्या हिमनदीने जमीन खरवडून काढली, त्या खड्ड्यात हे पाणी साठलं. खरं तर ही दोन तळी आहेत, वरचं मोठं ओबरसे आणि खालचं लहान उंटरसे, आणि कोन्स्टान्झ शहरापाशी ऱ्हाइनचा चारेक किलोमीटरचा तुकडा त्यांना जोडतो. राइखेनाऊ आहे उंटरसेमध्ये. बेट साडेचार किलोमीटर लांब, जास्तीत जास्त दीड किलोमीटर रुंद, म्हणजे सकाळी चालायला निघालात तर जेवायच्या वेळेपर्यंत कडेकडेने फिरून परत. सगळ्यात उंच टेकाड होखवार्ट, तळ्याच्या पाण्यापासून जेमतेम चाळीसेक मीटर वर, तिथून दक्षिणेला स्वित्झर्लंडचा काठ आणि हवा स्वच्छ असली तर आल्प्सपण दिसतात.

बेटावर तीन वस्त्या, ओबरझेल, मिटेलझेल आणि नीडरझेल, म्हणजे वरची, मधली आणि खालची, आणि तिन्हींत एकेक जुनं चर्च. गेमाइंडचा काही भाग मात्र मुख्य जमिनीवर आहे, रेल्वे स्टेशनसुद्धा तिकडेच. १८३८ पर्यंत बेटावर जायचं तर होडी. त्या साली भराव घालून रस्ता केला आणि तेव्हापासून हे बेट म्हटलं तर बेट, म्हटलं तर नाही. आता त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उंच पॉप्लरची रांग आहे, पलीकडे वोल्माटिंगर रीड नावाचा बोरू-लव्हाळ्यांचा पाणथळ पट्टा, तो पक्ष्यांसाठी राखीव.

बेटाच्या उत्तरेच्या पाण्याला ग्नाडेनसे म्हणतात, अर्थ दयेचं तळं. यामागे एक दंतकथा सांगतात. बेटावर मठाधिपतीचं न्यायालय होतं पण पवित्र जमिनीवर कुणाला मारायचं नाही, म्हणून शिक्षा झालेल्या माणसाला होडीत घालून पलीकडच्या काठावर न्यायचे, आणि होडी पाण्यात असताना मठाची घंटा वाजली तर समजायचं की माफी मिळाली. खरं किती देव जाणे. हे पाणी उथळ असल्याने कडक थंडीत लवकर गोठतं आणि मग लोक स्केट्स घालून उतरतात. १९६३ च्या हिवाळ्यात तर अख्खं बोडनसे गोठलं होतं, म्हाताऱ्या लोकांना ते अजून आठवतं. बोडनसेच्या पाण्याची पातळी धरण घालून नियंत्रित केलेली नाही, त्यामुळे हिवाळ्यात पाणी खाली जातं आणि आल्प्समधला बर्फ वितळला की जूनच्या सुमारास चांगलं दीडेक मीटर वर येतं, १९९९ च्या मे-जूनमध्ये तर मोठा पूरच आला होता.

साप पळाले आणि मठ आला

७२४ साली पिर्मिन नावाचा भटका बिशप इथे आला आणि त्याने बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या ख्रिस्ती भिक्षूंचा मठ काढला. तेव्हाचा फ्रँकांचा बलाढ्य सरदार चार्ल्स मार्टेल पाठीशी होता. कथा अशी की बेट सापांनी आणि किड्यांनी भरलेलं होतं, पिर्मिनने पाय ठेवला आणि ते सगळे तीन दिवस-तीन रात्री तळ्यात उड्या टाकून पोहत पळाले. गंमत म्हणजे मठाची जी स्थापनेची सनद म्हणून दाखवली जायची ती बाराव्या शतकात बनवलेली नकली आहे. राइखेनाऊचे भिक्षू सनदा बनवण्यात भलतेच तरबेज होते, जमिनीचे हक्क शाबित करायला जुनी कागदपत्रं लागतात आणि नसतील तर लिहायची, हा प्रकार आपल्यालाही काही नवीन नाही.

पुढची तीनशे वर्षं हा मठ युरोपातल्या मोठ्या मठांपैकी एक होता. हाइटो या मठाधिपतीच्या काळात मिटेलझेलचं मुख्य चर्च ८१६ साली पवित्र करण्यात आलं. ८२४ च्या सुमाराला एक वही सुरू झाली, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्या लोकांच्या नावांची, त्यात जिवंत आणि मेलेली मिळून सुमारे ३८ हजार नावं आहेत. नावांची हौस इतकी की नीडरझेलच्या चर्चमध्ये १९७० च्या दशकात दुरुस्ती करताना वेदीचा जुना दगड उलटा सापडला, त्यावर शाईने लिहिलेली आणि टोकदार वस्तूने कोरलेली तीनशेहून जास्त नावं निघाली. किल्ल्यांवर नावं कोरणारे आपल्याकडे शिव्या खातात, इथे हजार वर्षांनी अभ्यासक भिंग घेऊन बसलेत. अर्थात देवाच्या जवळ आपलं नाव राहावं ही त्यामागची भावना होती, सहलीची आठवण नव्हे.

फ्रँकांचा सम्राट जाडा चार्ल्स, इतिहासात नाव असंच आहे, ८८७ साली गादीवरून उतरवला गेला, ८८८ च्या जानेवारीत मेला आणि त्याला इथेच पुरलं. दहाव्या-अकराव्या शतकात इथल्या लेखनशाळेत सम्राटांसाठी सोन्याची पार्श्वभूमी असलेली चित्रमय बायबलं तयार व्हायची, त्यांतली दहा हस्तलिखितं २००३ पासून युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत आहेत. पण ती बेटावर नाहीत, वेगवेगळ्या गावांच्या लायब्रऱ्यांत विखुरलीत. याच मठात हेरमान (१०१३ ते १०५४) होता, सरदाराचा मुलगा, लहानपणापासून शरीर लुळं, खुर्चीतून उचलून न्यावं लागे, बोलणंही नीट समजत नसे, आणि या माणसाने ग्रहताऱ्यांची उंची मोजायच्या अ‍ॅस्ट्रोलेब यंत्रावर लिहिलं, संगीतावर लिहिलं, ख्रिस्तजन्मापासूनचा सालवार इतिहास लिहिला. मला विचाराल तर बेटावरचा सगळ्यात मोठा माणूस हाच.

वाफे

आता मुख्य गोष्ट. नवव्या शतकात वालाफ्रिड नावाचा भिक्षू इथे होता, डोळ्याने तिरळा म्हणून टोपणनाव स्ट्राबो. राजवाड्यात राजपुत्राचा शिक्षक होता, नंतर ८३८ मध्ये इथलाच मठाधिपती झाला, ८४९ साली फ्रान्समधल्या ल्वार नदीत बुडून गेला. त्याने बागेवर एक लॅटिन कविता लिहिली, ४४४ ओळींची, ‘होर्टुलुस’ म्हणजे छोटी बाग या नावाने ओळखली जाते. त्यात वीसेक झाडांची वर्णनं आहेत, सेज, बडीशेपेच्या जातीतलं फेनेल, पुदिना, खसखशीचं झाड, भोपळा, खरबूज, शेवटी गुलाब. पण वाचण्यासारखी आहे ती सुरुवात. दारापुढच्या अंगणात खाजकुइलीसारखी अंगाला आग लावणारी पानं माजलीत, खाली त्यांच्या मुळांचं जाळं, मातीत चिचुंदरीसारख्या प्राण्याने बिळं पाडलीत, आणि हा मनुष्य कुदळ घेऊन ते सगळं उपसतो, फळ्या लावून वाफे उंच करतो, शेणखत घालतो. पाऊस आला नाही तर स्वतः पाणी वाहून आणतो आणि भांड्यातून ओतत नाही, ओंजळीतून थेंब थेंब सोडतो, का तर धारेच्या जोराने बी उघडं पडेल. हे पुस्तकात वाचून सुचत नाही, एकदा तरी कोथिंबिरीच्या वाफ्यात बादली उपडी करून बी एका कोपऱ्यात वाहून गेलेलं बघावं लागतं. तो स्वतःच म्हणतो की मी हे ऐकीव माहितीवर सांगत नाहीये, हात काळे करून सांगतोय.

त्याच काळात, ८२० ते ८३० च्या दरम्यान, राइखेनाऊमध्ये एका आदर्श मठाचा नकाशा काढला गेला आणि जवळच्या झांक्ट गालेनच्या मठाधिपतीला पाठवला. कातड्याचे पाच तुकडे शिवून केलेला, साधारण ११२ बाय ७७ सेंटिमीटरचा. या नकाशाबरहुकूम मठ कधी बांधलाच गेला नाही, पण कागदावर सगळं आहे, चर्च, दवाखाना, बेकरी, बिअर गाळायची जागा, कोंबड्यांचं गोल खुराडं आणि गीज म्हणजे पाळीव हंसांचं गोल खुराडं आणि मधे त्यांच्या राखणदाराचं घर. दफनभूमीतच फळझाडं लावलीत, थडग्यांच्या मधे सफरचंद आणि पेअर. भाजीच्या बागेत अठरा वाफे आणि प्रत्येकावर नाव लिहिलेलं, कांदा, लसूण, लीक, मुळा, शेपूच्या जातीतलं डिल, कोथिंबीर, एका वाफ्यात तर कलौंजीसुद्धा. बाराव्या शतकात झांक्ट गालेनच्या कुणा भिक्षूला एका संताचं चरित्र लिहायला कातडं हवं होतं, त्याने नकाशाची पाठकोरी बाजू वापरली, जागा कमी पडली तेव्हा पुढच्या बाजूची एक इमारत खरवडून टाकली आणि सगळं घडी घालून पुस्तकासारखं ठेवलं. एक इमारत गेली खरी, पण त्यामुळेच नकाशा टिकला.

घसरण, द्राक्षं आणि १९२९

पुढे मठात फक्त उमरावांची पोरं घ्यायचा हट्ट धरला गेला, संख्या घटली, कर्ज झालं, आणि १५४० मध्ये शेवटच्या मठाधिपतीने सगळं कोन्स्टान्झच्या बिशपच्या ताब्यात दिलं. १७५७ मध्ये उरलेसुरले भिक्षूही घालवले, १८०३ मध्ये बेट बाडेन राज्यात गेलं आणि उरलेली पुस्तकं बाडेनच्या राजधानीला, कार्ल्सरूहेला. २००१ पासून मात्र दोन-चार बेनेडिक्टाइन परत येऊन राहिलेत.

मठ गेला तरी द्राक्षमळे राहिले. मठाने लावलेली वाइनची शेती हजारेक वर्षं बेटाचं मुख्य उत्पन्न होतं, १८९६ मध्ये द्राक्षवाल्यांची सोसायटी निघाली. मग १९२९ चा भयानक हिवाळा आला, वेली गोठून मेल्या, आणि शेतकऱ्यांनी परत वेली लावून चार वर्षं थांबण्याऐवजी भाजी लावली. आज वाइन होते पण थोडी. भाजी मात्र सगळीकडे, सॅलड, काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, हिवाळ्यात बारीक पानांचं फेल्डझालाट. तळ्यामुळे हवा सौम्य, थंडी उशिरा पडते, पाणी तळ्यातूनच पंपाने उचलून पाइपने शेतांवर फिरवलंय, वर्षाला दोन-तीन पिकं निघतात. माल सहकारी सोसायटीमार्फत एकत्र विकला जातो आणि इथल्या सॅलड, काकडी, टोमॅटोला युरोपात भौगोलिक मानांकन आहे, आपल्या नाशिकच्या द्राक्षांना आहे तसं. हरितगृहांमुळे जुनं दृश्य बिघडतं असं पाहुण्यांना वाटतं, पण शेती गेली तर मग बेट म्हणजे नुसतं म्युझियम.

एक काळा भाग सांगायलाच हवा. मुख्य जमिनीवरच्या भागात १९१३ पासून मनोरुग्णांचा दवाखाना आहे. १९४० मध्ये नाझींनी तिथल्या शेकडो पेशंटना करड्या बसेसमधून ग्राफेनेक इथल्या हत्याकेंद्रात नेऊन गॅसने मारलं, नंतर दवाखाना बंद करून त्या इमारतीत नाझींची निवासी शाळा काढली. दवाखाना युद्धानंतर परत सुरू झाला, आजही चालू आहे, आवारात त्या लोकांचं स्मारक आहे.

बघायचं असेल तर

ओबरझेलचं सेंट जॉर्ज चर्च चुकवू नका. नवव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज संताचं मस्तक इथे आणलं असं मानतात, त्यासाठी बांधलेलं. आतल्या दोन्ही लांब भिंतींवर येशूच्या चमत्कारांची आठ मोठी चित्रं आहेत, हजार वर्षांपूर्वीची. लोकांच्या श्वासाने दमट हवा वाढून चित्रं खराब होतात, म्हणून उन्हाळ्यात ठरलेल्या वेळीच गाइडबरोबर सोडतात. चित्रांपेक्षा मला आवडतो तो चौदाव्या शतकातला एक छोटा प्रकार, चार भुतं गाईचं कातडं ताणून धरतायत आणि त्यावर लिहिलं जातंय, वर दोन बायका चर्चमध्ये गप्पा मारत बसल्यात. बायकांची बडबड इतकी की कातडं पुरणार नाही. जर्मनमध्ये ‘गाईच्या कातड्यावरही मावायचं नाही’ असा वाक्प्रचार आजही आहे. पुरुष चर्चमध्ये काय करत होते ते अर्थातच कुणी रंगवलं नाही.

मिटेलझेलच्या खजिन्यात संगमरवरी घडा आहे, येशूने लग्नात पाण्याची वाइन केली तो हाच असं म्हणायचे. बेटाचे स्वतःचे तीन सण आहेत, २५ एप्रिलला संत मार्क, जूनच्या आसपास पवित्र रक्ताचा, म्हणजे येशूच्या मानलेल्या रक्ताचा उत्सव आणि १५ ऑगस्टला मारियेचा. या सणांना जुन्या गणवेशातलं नागरिक दल बँड वाजवत मिरवणुकीत चालतं, मागे संतांच्या अवशेषांच्या पेट्या, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सॅलडचे वाफे. स्टेशनवरून बेटावर बस जाते. येताना रस्त्याकडेला टेबलावर भाजी मांडलेली असते, शेजारी पैशांचा डबा, विकायला कुणी नसतं, सुट्टे ठेवा.