परदेशी व्यापार सुरू करताना शहराची मदत कशी घ्यावी
(निर्यातीत नव्याने उतरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

महापालिकेचा उद्योग कक्ष किंवा शहरातले चेंबर ऑफ कॉमर्स तुम्हाला ऑर्डर मिळवून देत नाही. मात्र पहिल्या काही खेपांत होणारा खर्च आणि धोका त्यांच्यामुळे बराच कमी होतो. ही मदत नीट मिळावी म्हणून जाण्याआधी मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये मालाचा प्रकार ओळखण्याचा क्रमांक, पक्का करा. त्यातले पहिले 6 अंक जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले ठरवतो. कोड हाती नसेल तर आयात शुल्क किती, परवाना लागतो का, या प्रश्नांना कोणीही नेमके उत्तर देऊ शकत नाही.

सर्वात जास्त काम पडते ते चेंबरशी. 1599 साली फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये व्यापाऱ्यांनी असे मंडळ उभे केले, तेव्हापासून ही व्यवस्था शहरांच्या आधाराने वाढली आहे. मालाच्या मूळ देशाचा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, बहुधा इथेच मिळतो. तो दोन प्रकारचा असतो. साधा दाखला माल कुठला एवढेच सांगतो. शुल्कात सवलत हवी असेल तर त्या व्यापार करारात ठरलेला वेगळा दाखला किंवा निर्यातदाराची घोषणा लागते. साधा दाखला पाठवून सवलतीची वाट पाहिली, तर खरेदीदाराला पूर्ण शुल्क भरावे लागते आणि पुढची ऑर्डर अडते.

लेटर ऑफ क्रेडिटवर (एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी) व्यवहार असेल तर आणखी काळजी घ्या. बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. एलसीमध्ये खरेदीदाराच्या नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आहे आणि दाखल्यावर ते राहून गेले, एवढ्यावरूनही कागद परत येऊ शकतात. म्हणून चेंबरला अर्ज करताना एलसीची प्रत समोर ठेवून नाव, पत्ता आणि मालाचे वर्णन अक्षरन् अक्षर जुळवा. एलसीत वेगळी मुदत दिली नसेल, तर माल जहाजावर चढल्यापासून 21 दिवसांत आणि एलसी संपायच्या आत कागद बँकेत पोहोचले पाहिजेत. दाखला दुरुस्त करून घ्यायला लागणारे दिवस याच मुदतीतून जातात.

भगिनी शहरांचे करार (दोन देशांतल्या शहरांनी मैत्रीसाठी केलेले) आणि व्यापार शिष्टमंडळे यांचा उपयोग ओळखीसाठी चांगला होतो. शहराच्या नावाने बैठक मागितली की समोरचा वेळ देतो, हा फायदा खरोखर मोठा आहे. जाण्याआधी आयोजकांकडून भेटणाऱ्या कंपन्यांची यादी मागा आणि त्यातले आयातदार कोण, वितरक कोण हे विचारा. दाखवायचे नमुने परत आणायचे असतील तर एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याचा कस्टम्सचा कागद, घ्या. ते जास्तीत जास्त 1 वर्ष चालते आणि बऱ्याच देशांत शुल्क न भरता नमुने नेता येतात. वाटून टाकायच्या वस्तू त्यात घालू नका. परत निघताना तिथल्या कस्टम्सचा शिक्का राहिला, तर माल तिथेच विकला असे धरून शुल्काची मागणी होऊ शकते.

अनुदानाबाबत एकच गोष्ट: आधी मंजुरी, मग खर्च. प्रदर्शनातल्या स्टॉलचे पैसे भरून नंतर अर्ज केला तर बहुतेक योजनांत तो बाद होतो. शिवाय रक्कम सहसा खर्चानंतर परत मिळते, तेव्हा तोवरचे भांडवल हाताशी ठेवा.

बंदरावर घोटाळा होतो तो लाकडी पॅलेटचा, म्हणजे माल रचायच्या चौकटीचा. बऱ्याच देशांना आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातली कीड मारण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का लागतो. उष्णतेच्या पद्धतीत लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे टिकवावे लागते. शिक्का नसेल तर माल निर्दोष असूनही पूर्ण खेप अडवली जाते. कंटेनरने माल पाठवताना दरपत्रकात सवयीने एफओबी लिहू नका, एफसीए लिहा; मालाची जोखीम विक्रेत्याकडे कुठपर्यंत राहते हे या अटी ठरवतात, आणि एफसीएत ती ठरल्या ठिकाणी वाहतूकदाराकडे माल सोपवेपर्यंतच असते. कंटेनर टर्मिनलवर सोपवला की तुमचा ताबा सुटतो, पण एफओबीत जहाजावर चढेपर्यंतची जोखीम तुमच्याकडेच राहते.

आमच्याकडे येताना मालाचे तांत्रिक वर्णन, कच्चा माल कोणत्या देशातून आला त्याची बिले, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीआधी दिलेले कच्चे बिल) आणि एलसीचा मसुदा आणा. मसुदा असतानाच दाखवलात तर चुकीच्या अटी खरेदीदाराकडून बदलून घेता येतात. एलसी उघडल्यावर प्रत्येक दुरुस्तीला बँकेचे शुल्क पडते.