खड्ड्यातली मगर आणि रस्त्यावरचा चंद्र

सप्टेंबर 2019. चांद्रयान-2चा ‘विक्रम’ लँडर चंद्रावर उतरायला काही दिवसच उरले होते आणि इस्रोच्याच बंगळुरूतला एक व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागला. अंतराळवीर खाचखळग्यांतून, अंगात वजनच नसल्यासारखा संथ चालतोय. तेवढ्यात शेजारून एक रिक्षा जाते आणि कळतं, हा चंद्र नव्हे, शहराच्या पश्चिमेकडचा हेरोहळ्ळीचा रस्ता! लगेच रस्तादुरुस्ती सुरू झाली.

ही करामत बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराची. त्याचं नाव देशभर झालं ते त्याआधी चार वर्षं, जून 2015मध्ये. बंगळुरूच्याच सुलतानपाळ्यात रस्त्याच्या मधोमध भलामोठा खड्डा पडून पाणी साचलं होतं. तक्रारी करून लोक थकले. त्याने पदरचे सहा हजार रुपये घालून वीस किलोची मगर बनवली आणि त्या पाण्यात सोडली. महिनाभर कोणाला न दिसलेला खड्डा मग सगळ्यांना दिसला आणि बुजलाही. बुजला तो तेवढा एकच, हेही खरं.

त्याची युक्ती तशी साधी. खड्डा लपवायचा नाही, चित्रातच घ्यायचा. उघड्या मॅनहोलभोवती यमाचा चेहरा रंगवला की भोक आपोआप त्याचं तोंड होतं.

बादल मूळचा म्हैसूरचा. आर. के. लक्ष्मणही तिथलेच. 1951पासून त्यांचा चौकटीच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ मुंबईकरांच्या वतीने पावसाळा, खड्डे, गर्दी निमूट बघत राहिला. एका व्यंगचित्रात तर चंद्रावर पाठवायला तोच लायक ठरतो, कारण अन्न, पाणी, उजेड, हवा, निवारा यांवाचून जगायची त्याला सवय आहे! लक्ष्मण यांनी सामान्य माणसाला चंद्रावर न्यायचं ठरवलं, बादलने चंद्रच त्याच्या गल्लीत आणला.

लाजवून काम करून घेणं ही एक तऱ्हा. लॉस एंजेलिसच्या रिचर्ड अँक्रम या कलाकाराची दुसरी. फ्रीवेवरच्या फलकावर इंटरस्टेट 5 या महामार्गाकडे जाणारा वळणरस्ता दाखवलेलाच नव्हता आणि तो स्वतःही तिथे चुकला होता. अधिकृत मापं, रंग, अक्षरं तंतोतंत जुळवून त्याने ते चिन्ह घडवलं आणि ऑगस्ट 2001मध्ये भरदिवसा, हेल्मेट आणि केशरी जाकीट घालून, फलकावर चढून लावलं. कोणी हटकलं नाही. प्रकरण उघड झाल्यावरही वाहतूक खात्याने ते काढलं नाही. ते आठ वर्षं तिथेच राहिलं. 2009मध्ये फलक बदलले, तेव्हा ती माहिती अधिकृतपणेच त्यावर आली. माझं मत विचाराल तर सगळ्यांत सुंदर काम हेच, कारण ते दिसलंच नाही.

मुंबईत मात्र चित्रापेक्षा गाणं गाजलं. 2017च्या पावसाळ्यात एका रेडिओ निवेदिकेने खड्ड्यांवरून पालिकेची टर उडवणारं विडंबनगीत केलं. काही दिवसांतच घरी डासांच्या अळ्या सापडल्याची पालिकेची नोटीस आली.